ड्रेलचे व्याही

रविवार, ८ मार्च
व्याही लग्नाला येणार नाहीत. मॅच आहे.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं, चहा करून आले, परत वाचलं. तसंच आहे. माझ्या एकुलत्या एका लेकीचं, उर्वीचं, लग्न नऊ मेला, इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. मुलगा योरिस, डच, तिच्याच ऑफिसातला, स्वभावाने गरीब. त्याची आई तीन वर्षांपूर्वी गेली. वडील हर्मन तिकडे हॉलंडात ड्रेल नावाच्या गावात एकटेच असतात. मुलाकडचं जवळचं माणूस म्हणावं तर हे एवढंच. आणि नेमकी त्या दिवशी त्या माणसाच्या क्लबची, एफ.सी. ड्रेलची, घरच्या मैदानावर मॅच आहे.

माझा नवरा मोहन म्हणाला, "मोठा क्लब असेल गं." शोधला. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, खालून तिसरा.

मंगळवार, १० मार्च
तारीख बदला, असं आमच्या नवरोजींचं मत. बदला म्हणे! पिनरच्या गुरुजींनी दोघांच्या पत्रिका मांडून — योरिसची जन्मवेळ पार हॉस्पिटलातून मागवून — हा एक मुहूर्त काढलाय. सतरा मेपासून अधिक महिना. त्यानंतर हॉल रिकामा मिळतोय तो थेट सप्टेंबरात, म्हणजे चातुर्मासात. अधिकात जावयाला अनारसे द्यायचे मी मनात ठरवूनही टाकलंय. आधी जावई तर होऊ दे.

संध्याकाळी उर्वी आली. आवाज शांत. तिचा आवाज शांत झाला की मला धडकी भरते. "आई, योरिसचे बाबा नाही आले तर तो लग्न नाही करणार. अँड आय वोन्ट फोर्स हिम. तो तुझा मुहूर्त आहे, आमचा नाही."

शनिवार, १४ मार्च
शत्रूचा अभ्यास असावा म्हणून क्लबचा इतिहास वाचला. १९१९ साली बटाट्याचं स्टार्च काढणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी स्थापना केली. शंभरावर वर्षांत ट्रॉफी एकही नाही. १९७१ मध्ये कपच्या सेमीफायनलपर्यंत पोचले आणि सात-शून्यने हरले. त्या पराभवाची दरवर्षी जयंती करतात, बटाट्याचं सूप वाटून! आमच्याकडे पडलेल्या उमेदवाराला घरचेसुद्धा चहा विचारत नाहीत.

कालव्यापलीकडच्या कानेन गावच्या क्लबशी हाडवैर. १९८६ मध्ये दोन्ही क्लब एकत्र करायचं घाटत होतं, तर ड्रेलचे सपोर्टर भर थंडीत जाऊन मैदानावरच झोपले. आठवडाभर! शेवटी कौन्सिलने नाद सोडला. त्या झोपलेल्या शहाण्यांत हर्मन होता, आणि मारिकेही — योरिसची आई. ओळख तिथेच झाली. म्हणजे ना गुरुजी, ना पत्रिका, आणि संसार जन्मभर टिकला. हे मी मोहनला सांगितलेलं नाही.

आणखी एक. नऊ मेची मॅच या मैदानावरची शेवटची. नंतर ते पाडणार, मोटरवेशेजारी नवीन बांधलंय. बरं मग? आमचा पुण्याचा बंगलाही पाडला, त्यासाठी कोणी कोणाचं लग्न अडवलं नव्हतं.

गुरुवार, १९ मार्च
पाडवा. सकाळी गुढी उभारताना डोक्यात प्रकाश पडला. मॅचबिच काही नाही, हा रुसवा आहे! व्याह्याला आमंत्रण आपण व्हॉट्सअॅपवर पाठवलं. माझे मामेसासरे पानसुपारी उशिरा आली म्हणून एका लग्नातून उठून गेले, ते अजून त्या घरी पाय ठेवत नाहीत. माणूस डच असला तरी वरपिताच.

सगळं रीतसर कुरियरने पाठवते. मानाचा फेटा, शेला, अक्षत, पेढे. फेटा लाल, काठ पिवळे. शेला पिवळा, काठ लाल. हळदीकुंकवाचे रंग आहेत, यात नाव ठेवायला जागाच नाही.

शनिवार, २८ मार्च
कानेनचे रंग लाल-पिवळे आहेत.

रविवार, २९ मार्च
तपशील कळला. हर्मन रिटायर झाल्यापासून रोज क्लबवरच असतो, मैदानाचं गवत बघतो, पार्सलंही तिथेच मागवतो. बॉक्स त्याने कॅन्टीनमध्ये उघडला. सगळी सपोर्टर मंडळी भोवती जमलेली. आतून शत्रूचा झेंडा निघाला, सोबत मिठाई.

योरिस फोनवर एवढंच म्हणाला, "पेढे सगळ्यांना आवडले." त्याच्या मागे उर्वी हसत होती. हसता हसता रडायला लागली. इतके दिवस मी नुसती चिडत होते, आज पहिल्यांदा घाबरले. हे लग्न मोडू शकतं.

शुक्रवार, ३ एप्रिल
मोहनने ड्रेलची मॅच लावली. अभ्यास म्हणे. ड्रेल हरलं. मोहन नीट जेवला नाही. म्हणजे आता माझ्या घरातही एक झाला.

रविवार, १२ एप्रिल
आम्ही दोघं जातोय. लूटनहून विमान, पुढे ट्रेन. फेट्याबद्दल माफी मागायची आणि समक्ष आमंत्रण द्यायचं. कोणी पायावर डोकं ठेवून घेत असेल तर तेही ठेवीन, पण माणूस लग्नाला आणीन.

रविवार, १९ एप्रिल
ड्रेलच्या हॉटेलात बसून लिहितेय.

हर्मन स्टेशनवर घ्यायला आला. उंच, वाकलेला, बुटांना चिखल. घरी नेईल असं वाटलं होतं, नेलं मैदानावर. लाकडी स्टँड, सपोर्टरांनीच कधीकाळी बांधलेला. बाकांचा हिरवा रंग उडालेला. मी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं — फेट्याची चूक आमची, मॅच शेवटची हे कळतं, पण मुलगाही तुम्हाला एकच आहे.

तो पुढे चालू लागला. आम्हाला मैदानाच्या कोपऱ्यात घेऊन गेला, कॉर्नरच्या झेंड्यापाशी. "इथे मी मशीन फिरवत नाही," तो म्हणाला, "इथलं गवत हाताने कापतो. मारिके इथे आहे."

तिची राख त्याने इथे विखुरली होती, तिच्याच इच्छेने, क्लबच्या परवानगीने. नऊ मेनंतर दोनच दिवसांनी मशिनं येणार. "शेवटच्या मॅचला तिला एकटीला सोडून कसा येऊ?" तुम्ही आधी का नाही बोललात, असं मी विचारलं. तर म्हणे, योरिसलाही गप्प राहायला त्यानेच सांगितलं होतं. लग्नघरात मरणाचा विषय काढू नये.

मोहनने बूट काढले आणि तसाच ओल्या गवतात उभा राहिला. मला रडू आवरेना. किती बोलले मी या माणसाला, रोज, या पानांवर. हर्मनने खिशातून रुमाल काढून दिला, त्याला गवताचा वास येत होता.

सोमवार, २० एप्रिल
मिल्टन कीन्सचा हॉल रद्द केला. गुरुजींना फोन केला. म्हणाले, दिवस तोच राहील, गाव बदललं की मिनिटं बदलतात, ती काढून देतो. लग्न दुपारी, ड्रेलच्या मैदानावर, त्या कोपऱ्यात. मॅच संध्याकाळी.

पाहुणे फोन करकरून कारण विचारताहेत. सगळ्यांना एकच सांगते — वरमायेला प्रवास झेपणार नाही, म्हणून आपणच जायचं.