पिवळे डोळे आणि पेशींची डबल शिफ्ट

१० मार्च २०२५

डोळे पिवळेधमक! हिपॅटायटिस बी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्या वयात झाला तर बहुतेकांचं शरीर स्वतःच घालवतं. सहा महिने बघू. नाही गेला तर जन्माचा सोबती." जन्माचा सोबती आहे की एक, भूपेश. दुसरा नको.

१२ मार्च

यकृताचा आकडा दीड हजार. हवा चाळीसच्या आत! मी रडले, बाई हसल्या. "हे विषाणू करत नाही, नेत्रा. तुझ्याच टी-पेशी करतायत. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारतायत."

म्हणजे आत आमच्या वळ गावातल्या गोदामासारखी डबल शिफ्ट चालू — खराब माल शोधा, बाहेर काढा. तोडफोड होणारच. मुकादम मी नाही ते बरं. मी सगळ्यांना सुट्टी दिली असती.

भूपेशचंही रक्त तपासा म्हणाल्या.

१३ मार्च

भूपेश म्हणे, "मला काय झालंय? दोन प्लेट भजी खातो मी." हा पुरावा!

१६ मार्च

सासूबाई ऐकेनात. "डॉक्टरला यातलं काय कलत न्हाय. कोन गावाला चल, राघोबाबा हात धुऊन कावील उतरवतो."

गेलो. चुन्याच्या पाण्यात हात चोळायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. त्यात कसलीशी साल घातलेली मी पाहिली. मग काय, भूपेशलाच पुढे ढकललं. पाणी पिवळं! बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "यालाबी हाय."

मी ओढणी तोंडात कोंबली. सासूबाई रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसल्या.

२ मे

डोळे पांढरे, आकडा साठ. तीन भाकऱ्या खाल्ल्या. विषाणू मात्र अजून रक्तात आहे. मला बाळ हवंय, आणि त्याला हे द्यायचं नाहीये. भीती वाटते.

११ सप्टेंबर

गेला! प्रतिपिंडंसुद्धा तयार. पेढे घेऊन गेले, तर बाई म्हणाल्या, "आधी मिस्टरांचं रक्त, मग पेढा." भूपेशला बखोटीला धरून नेलं. सुई पाहून डोळे मिटले शूराने.

१३ सप्टेंबर

भूपेश पॉझिटिव्ह. जुना आहे, बहुधा लहानपणापासूनचा. त्याच्या पेशी लढायला कधी उठल्याच नाहीत, म्हणून कळलं नाही. मला त्याच्याकडूनच लागला.

रात्री भूपेश जेवला नाही. मग हळूच विचारलं, "तुझ्यातल्या थोड्या पेशी मला देता येतात का गं?"