मागच्या अंगणातले जाळीघर आणि बाकीचे सर्व

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सत्तर, दवाखान्याच्या क्ष-किरण विभागातून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, दोन मुलांची आई, माझ्या राहत्या घरी बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच दाखल्यात हृदयाबद्दल जे आहे ते मुलांनी सावकाश वाचावे, घाई नाही. यजमान हयात असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मांजरे नव्हती.

वकील म्हणाले, एका कलमात एकच गोष्ट लिहा. प्रयत्न करते. दम लागला की थांबते, आणि थांबले की भलतेच आठवते.

कलम १. घर मुलगी आणि मुलगा या दोघांचे, निम्मे-निम्मे. अट एकच. मुनीम आणि बहिरी ही दोन मांजरे जिवंत असेपर्यंत घर विकू नये, मागच्या अंगणाला हात लावू नये आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिलाईवाल्या ताईंना उठवू नये. मुलगा म्हणेल, "आई, मांजरं ती, सोडून दिली की जगतात." हे तो माझ्या तोंडावर तीनदा म्हणाला आहे. तिन्ही वेळा मी गप्प बसले, कारण वाद घालायला आता अंगात जोर नाही. इथे लेखी सांगते: नाही जगत. पांढरीशुभ्र बहिरी जन्माची ठार बहिरी आहे. तिला मोटार दिसते ती अंगावर आल्यावरच.

कलम २. बँकेतली ठेव दोघांत सारखी. फिल्म पाहायची दिव्याची पेटी नातीला, तिला तिच्यावर कागद ठेवून चित्रे गिरवायला आवडतात. भिंग मला लागते, ते मी गेल्यावरच न्यावे.

कलम ३. मांजरे शिलाईवाल्या ताईंकडे जातील. मुलीला मांजराच्या केसांनी शिंका येतात, आणि मुलाबद्दल वर लिहिलेच आहे. ताईंना विचारले तेव्हा त्या सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सकाळी मांजरांचं दार मीच तर उघडते काकू. विचारताय काय?" मांजरांबरोबर जाळीघरही त्यांचेच. उद्या त्यांनी बिऱ्हाड हलवले तर जाळीघर सोबत न्यावे. ते सहा तुकड्यांचे आहे, तळाशी फूटभर खणून बोल्ट काढले की सुटते. पाना खालच्या फळीवर आहे.

कलम ४. हे जाळीघर कसे झाले ते लिहिणे भाग आहे, नाहीतर मुले ते भंगारात काढतील.

मांजरे आधी तीन होती. तिसरी बिजागरी. तिचा आवाज तेल न दिलेल्या दाराच्या बिजागरीसारखा होता म्हणून यजमानांनीच तिला ते नाव ठेवले. शेवटच्या वर्षात ते अंथरुणाला खिळले तेव्हा ती त्यांच्या पायथ्याशी बसून असे. ते गेल्यावर ती चार दिवस रिकाम्या पलंगावर बसली आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे आली. मला तिचा आधार होता, एवढेच लिहिते.

आमच्या घरापुढून बस जाते. म्हणून मी मागच्या अंगणात मांजरांसाठी बंदिस्त जागा करायचे ठरवले. दुकानात तंबूसारखी नायलॉनची जाळी मिळाली. दुकानदार म्हणाला, "आजी, वाघ ठेवा आत, काही होत नाही." हलकी होती, एकटीला उभारता आली, म्हणून घेतली. एवढेच पाहिले मी. कोपऱ्यातली शिवण पाहिली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाडांतली केसाएवढी चीर शोधणारी बाई मी.

अठराव्या दिवशी बिजागरीने ती शिवण कुरतडली. ती बाहेर पडली, तिच्यामागे बहिरी. मी आत कपडे घड्या करत होते. दारावर थाप पडली. बाहेर शेजारचे घड्याळवाले उभे. त्यांच्या कुंड्यांत मांजरे घाण करतात यावरून आमचे सात वर्षे वाकडे होते. त्यांनी एकदा मुनीमवर बादलीभर पाणी ओतले होते आणि मी त्यांना नको ते बोलले होते. त्या दिवशी त्यांच्या एका हातात टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी होते आणि दुसऱ्या हातात बहिरी. तिने त्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला होता.

"पांढरी मधोमध उभी होती," ते म्हणाले. "बस थांबवली मी. ही दुसरी... हिला नाही वाचवता आलं, बाई."

टॉवेल त्यांचा स्वतःचा होता, नवा. मी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतला नाही. घड्याळवाल्यांवरचा माझा सर्व राग या कलमाने रद्द करते. माझ्या बावीस कुंड्या त्यांना द्याव्यात. त्यांच्याकडे झाडे जगतात, माझ्याकडे फक्त कुंड्या उरल्या आहेत.

कलम ५. त्यानंतर मी दोन महिने जाळीच शोधत होते. सुतार म्हणाला, कोंबड्यांची जाळी ठोकून देतो. ती गंजते आणि मांजर तिच्यात पंजा अडकवून बसते. खिडक्यांचे गज बसवणारा आला, त्याने चार-चार इंचांवर गज सांगितले. मी म्हटले, मांजराचे डोके जिथून शिरते तिथून अख्खे मांजर बाहेर पडते. तो हसला आणि परत आलाच नाही. छताचे नाव काढले की सगळेच म्हणत, "वरून कशाला हवी? मांजर काय उडतं का?"

लोखंडकाम नीट जाणणारा माणूस मला एकच ठाऊक होता. माझे धाकटे दीर. त्यांच्याशी माझे अकरा वर्षे बोलणे नव्हते. यजमान गेले तेव्हा ते आले होते, पण फाटकापाशी उभे राहून तसेच परत गेले.

तरी मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये ठिणग्या उडत होत्या. मी दाराशी उभी. त्यांनी तोंडावरची ढाल वर केली.

"वहिनी."

"भावजी, एक जाळी करायची आहे. मांजरांसाठी."

त्यांनी हातातले काम खाली ठेवले. ते फक्त म्हणाले, "कुठनं पळतात?"

रविवारी ते टेप घेऊन आले. माप घ्यायच्या आधी बादली पालथी घालून अंगणात बसले आणि तास-दोन तास नुसती मांजरे पाहिली. मुनीम भिंतीवर कुठून चढतो, बहिरी कुठे दबून बसते. मग कामाला लागले. बारा फूट लांब, सात रुंद, सात उंच. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, जोडावर वितळवलेली जाळी, तारेचे एकही टोक आत आलेले नाही. जाळी जमिनीत फूटभर गाडलेली. अर्धे छप्पर पत्र्याचे, अर्धे जाळीचे, म्हणजे ऊनही आणि सावलीही. तीन उंचींवर फळ्या. दारे दोन, एकामागे एक. पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. ही सूचना मुलांनी, नातीने आणि मीटर पाहायला येणाऱ्याने पाळावी.

आठ दिवस काम चालले. आठ दिवसांत आम्ही माप, रंग आणि चहा यांपलीकडे काही बोललो नाही. मी अजूनही तिथे खुर्ची टाकून बसते. बहिरी वरच्या फळीवर असते, मुनीम माझ्या पायांत. एवढ्या वर्षांत शांत बसायला मिळालेली ही पहिलीच जागा.

दर पंधरवड्याला भावजी येतात, कड्या-बोल्ट तपासतात, जातात. त्यांना या मृत्युपत्रात काही दिलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीला तेच हवे आहेत. कारण पुढचे कलम.

कलम ६. मुलांनो, काकांनी येणे बंद केले तेव्हा तुम्ही त्यांना माणूसघाणे म्हणालात. बायको गेली आणि डोके फिरले असे म्हणालात. मी ते ऐकून घेतले, तुम्हाला दुरुस्त केले नाही. आता करते.

तुमची काकू खोकला घेऊन माझ्याकडे आली होती. नोकरीचे माझे शेवटचे वर्ष. फिल्म मीच काढली. धुऊन पेटीवर लावली आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात मला सावली दिसली. एकतीस वर्षे पाहत होते. काय पाहते आहे ते मला कळले होते. ती कपडे घालून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, काय दिसलं?"

तंत्रज्ञाने पेशंटला काही सांगायचे नाही, सांगायचे ते डॉक्टरांनी, असा नियम होता. मी म्हटले, "रिपोर्ट येईल." ती हसून घरी गेली. भावजींना म्हणाली, ताई काही बोलल्या नाहीत, म्हणजे काही नसणार.

डॉक्टर रजेवर होते. फिल्म ढिगाऱ्यात पडून राहिली. ती वर काढून ठेवणे, दुसऱ्या दवाखान्यात पाठवणे, निदान भावजींना बाजूला घेऊन सांगणे, यातले काहीही मला करता आले असते. मी केले नाही. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. सात महिन्यांनी ती गेली. त्या आठवड्यांनी फारसा फरक पडला नसता, असे पुढे मला दोन डॉक्टरांनी सांगितले. मी त्याच्या आड लपत नाही.

जाळीघराच्या शेवटच्या दिवशी भावजी आत उभे राहून प्रत्येक फटीला मूठ लावून पाहत होते. मी बाहेर होते. तेव्हा म्हटले, "भावजी, त्या दिवशी मला दिसलं होतं."

"माहीत आहे."

"मी बोलायला हवं होतं."

ते पुढच्या फटीकडे वळले. पाठमोरेच म्हणाले, "खोकला तिला चार महिने होता, वहिनी. मी म्हणायचो, होईल बरा." मग कडी दोनदा लावून काढून पाहिली. "हे दार आतनंही उघडतं. अडकून पडू नका."

माफ केले असे ते म्हणाले नाहीत. मी मागितलेही नाही. मुलांनी मात्र काकांना घरी बोलवावे आणि दोष कोणाचा होता हे लक्षात ठेवून बोलवावे.

याखेरीज माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही. जे लिहिले ते वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवले, आणि ते माझेच आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: १९ नोव्हेंबर.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर, शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: (सही) धाकटे दीर, लोखंडकाम.

दुरुस्तीची नोंद: साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकील म्हणाले. तरी साक्षीदार २ यांनी माझा चष्मा मागून घेऊन कलम ६ उभ्यानेच वाचले. मग म्हणाले, "काही आठवडे नाही. पाच. पाच लिहा." त्याप्रमाणे कलम ६ मध्ये "काही आठवड्यांनी" याऐवजी "पाच आठवड्यांनी" असे वाचावे. दुरुस्ती मला मान्य आहे. समासात आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत.