खजिनदारबाईंना, खासगी

प्रिय लिबी,

पाकिटावर तुझ्या नावाआधी 'राज्य खजिनदार' लिहिताना हात जरा अडखळला. तुझ्या माणसांनी हे पत्र फोडलं तर फोडू देत. साठी उलटलेल्या बँडमास्तरापासून नेब्रास्काला कसला धोका!

शिकागोला निघताना तू म्हणाली होतीस, दोन वर्षं, फार तर तीन. मी शाळेचा बँड सोडून आलो नाही आणि तू गुंतवणुकीच्या त्या उंच ऑफिसातून परतली नाहीस. चूक कुणाची, हे शोधणं मी केव्हाच सोडलं. तुझं लग्न झाल्याचं कळलं, मोडल्याचंही कळलं. आपल्या गावात बातम्या पोचतात, माणसं पोचत नाहीत.

मग दोन वर्षांपूर्वी तू ती नोकरी सोडून आलीस आणि निवडणुकीला उभी राहिलीस. जिल्ह्याच्या जत्रेत म्हाताऱ्या व्हर्ननने तुला कणसांच्या गाडीपाशी अडवलं. "चाळीस वर्षं शिकागोच्या श्रीमंतांचे पैसे वाढवलेस, आता आमची आठवण झाली होय?"

तू हसली नाहीस. "आठवण रोज यायची, व्हर्नन. यायचं धाडस होत नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चौथऱ्यावर बँडबरोबर उभा होतो. ते वाक्य मी खुशाल माझ्यासाठी ठेवून घेतलं. नंतर सगळ्यांशी हात मिळवत तू माझ्यापर्यंत आलीस आणि म्हणालीस, बँड छान बसवलाय तुम्ही. तुम्ही! शेजारी फोटोवाला होता, समजतं मला. पण माझा हात तू जरा उशिरा सोडलास, की मलाच तसं वाटलं?

मत तुलाच दिलं. पक्ष माझा नव्हे, म्हणून बहिणीला, ओल्गाला, अजून सांगितलेलं नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. माझं शाळेचं पेन्शन राज्याच्या खजिन्यातून कागदी चेकने येतं. बाकीचे परस्पर बँकेत जमा करून घेतात. मी ऐकत नाही म्हणून ओल्गा मला जुनाट म्हणते. तू निवडून आल्यापासून त्या चेकवर तुझी सही असते. छापलेलीच, पण पहिल्या अक्षराचा तो लांब फराटा अजून तसाच. महिन्यातून एकदा तू टपालाने घरी येतेस आणि मी दोन-तीन दिवस बँकेत जात नाही. काल तुमच्या खात्याची सूचना आली, जानेवारीपासून कागदी चेक बंद. निर्णय योग्यच आहे, माझी तक्रार नाही. फक्त अधूनमधून दोन ओळी लिहिशील? काहीही, पण हाताने. पत्ता तुझ्या कार्यालयात आहेच.

अजूनही तुझाच,
एमिल