मचव्यावरची एकी

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

बोर्ली पंचतन,
माघ शुद्ध चतुर्दशी, शके १८७५

तीर्थस्वरूप येसाजीमामांच्या चरणी भाचा अनंता याचा, दोनदा अंघोळ करूनही चिखलाचा वास येणारा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळे खुशाल. आजारी होता तो फक्त आपला पक्ष. लोकल बोर्डाचं तिकीट कोळीवाड्याच्या हिरामण तांडेलाला हवं, आणि तेच आमच्या आळीच्या भातवाल्या बुधाजीला. चार सभा घेतल्या, चारही वेळा दोघांपैकी एक जण तणतणत उठला आणि अर्धी सभा त्याच्या मागनं गेली. (सतरंजी मात्र मीच गुंडाळली. चिटणीस ना मी!) त्यात जिल्हा कमिटीतून तुमचं पत्र: आठ दिवसांत एकी करा, नाहीतर चिटणीस बदलू. मामा, नलूच्या वडलांनी चिटणीस बघून मुलगी द्यायचं कबूल केलंय हो! नुसत्या अनंताला त्यांच्या ओटीवर पाणीसुद्धा मिळायचं नाही.

मग मी डोकं लढवलं. सभा मचव्यावर, भर खाडीत! उठून जाणार कुठं? काल सकाळी दहाला माझ्यासकट अठरा असामी चढलो. कोळी एका टोकाला, शेतकरी दुसऱ्या टोकाला, मधे मी आणि झेंडा. माझं प्रास्ताविक जरा लांबलं (दीड तास झाला तरी भाषणात अजून स्वातंत्र्य मिळायचं होतं), तोवर पाणी उतरलं आणि मचवा चिखलात रुतून बसला. काल त्रयोदशी. त्रयोदशीला दहाची भरती नि चारला खाडी कोरडी, हे कोळ्यांच्या शेंबड्या पोराला ठाऊक. आम्ही पडलो भातवाले, मी आपला घड्याळ बघून वेळ ठरवली! हिरामणला म्हटलं, अरे सांगायचंस तरी. तर म्हणतो, "तुमच्या आळीशी अबोला हाय ना आमचा. कोन सांगल?"

नऊ तास अडकलो, मामा. शेतकऱ्यांकडे तांदळाच्या भाकऱ्या, पण कोरड्या. कोळ्यांकडे सुक्या जवळ्याची चटणी, पण भाकरी नाही. दोनपर्यंत दोन्हीकडे ताठा कायम होता. अडीचला बुधाजीनं न बोलता एक भाकरी पुढं सरकवली. चारला तो आणि हिरामण एकाच भाकरीचे तुकडे मोडत मला शिव्या घालत होते. बुधाजी म्हणाला, तिकीट तूच घे. हिरामण म्हणाला, न्हाय, तूच. माझे डोळे भरून आले. (चटणीही तिखट होती.)

तुमचा आज्ञाधारक,
अनंता

ता. क. एकीचा पहिला ठराव सोबत जोडलाय: चिटणीस बदलावा. एकमतानं मंजूर. मीही हात वर केला, विरोध करून चिखलात कोण उतरणार?

ता. क. २. ठराव कमिटीपुढं जायच्या आत दोन पत्रं टाका, एक हिरामणला, एक बुधाजीला. दोन्हींत मजकूर एकच: 'तिकीट तुझंच, दुसऱ्याला बोलू नकोस.' चार दिवसांत शाखा फुटेल, आणि ठरावाला कुणी विचारणार नाही. एकीची काळजी करू नका. ती मी पुन्हा करून देईन, आता अनुभव आहे.