दहावी उज्जैनची

फ्रीगंज, उज्जैन
शनिवार, २१ जून २०२५

प्रिय शर्वरी,

दर रविवारी फोनवर बोलतो आपण, मग हे पत्र कशाला असं तुला वाटेल. फोनवर मी जरा गंभीर झालो की तू ‘बाबा, बीपीची गोळी घेतलीत का’ असं विचारून विषय बदलतेस आणि मीही तो बदलू देतो. आज बदलू द्यायचा नाही, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून काउंटरवर कागद घेऊन बसलोय. कॉम्प्युटरवर लिहिलं असतं तर दुरुस्त्या करत बसलो असतो, माझा स्वभाव तुला माहीत आहे. लिहून झालं की पानांचे फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवतो. मूळ पत्र सोमवारी स्पीड पोस्टने टाकीन.

आधी घरचं. तुझ्या आईचा गुडघा आता बराच बरा आहे. परवा ती भैरवगडला जाऊन तुझ्यासाठी छापाची चादर घेऊन आली. पुण्याच्या खोलीतल्या पलंगाचं माप तिने सुलभामावशीला फोन करून विचारलं आणि तरीही चार इंच मोठी आणली. सिंहस्थाला अजून तीन वर्षं आहेत, पण रस्ते आत्तापासून खोदून ठेवलेत. दुकानासमोर फळी टाकलीय, तिच्यावरून तोल सांभाळत लोक येतात. ॲडमिशनचे दिवस, त्यामुळे नऊपासून रांग. माझे नियम तेच. फोटो पन्नास केबीच्या आत, सही काळ्या पेनने, जन्मतारीख तोंडी सांगितलेली चालणार नाही, मार्कशीट दाखवा. फॉर्म भरला की मुलाकडून तो पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचून घेतो. मुलं कंटाळतात, आया खूश होतात.

गेल्या महिन्यात आपल्या मराठी मंडळात माझं दरवर्षीचं मार्गदर्शन झालं, त्याचे फोटो तू पाहिलेस. तासभर बोललो. एकाच परीक्षेवर सगळं घर टांगून ठेवू नका, डॉक्टर आणि इंजिनियर यांच्या मधल्या जागेत फिजिओथेरपी आहे, फॉरेन्सिक आहे, स्टॅटिस्टिक्स आहे, तिकडेही बघा, शेजाऱ्याच्या मुलाची रँक विचारायला जाऊ नका, असं सगळं. आणि शेवटी दरवर्षी देतो ते उदाहरण दिलं. ते तुझ्या कानावर कुणी घातलं नसेल. मी म्हणतो, ‘माझ्या स्वतःच्या मुलीला नीट परीक्षेत पाचशे एकसष्ट मार्क होते. फॉर्ममध्ये तिच्याकडून एक टिक चुकली आणि मेडिकल गेलं. म्हणून सांगतो बाळांनो, घाई करू नका.’ लोक हळहळतात. तुझी आई तेवढ्या वेळापुरती चहाच्या टेबलाकडे निघून जाते. तिने मला कधी काही विचारलं नाही. मीही तिला विचारलं नाही की दर वर्षी नेमकी त्याच वेळी चहाची काय घाई असते.

आता ते उदाहरण श्रीकांतच्या घरात शिरलंय. आपल्या मागच्या गल्लीतला श्रीकांत, बँकेतला. त्याच्या मुक्ताला दहावीला त्र्याण्णव टक्के मिळाले आणि तिला डॉक्टर व्हायचंय. गुरुवारी संध्याकाळी तो पेढे आणि फाइल घेऊन आला. बुधवारची इंदूर-पुणे गाडीची तिकिटं काढलेली. अकरावी-बारावी पुण्याला काकाकडे, तिकडचा रहिवासी दाखला काढायचा, महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकल. मुक्ताचा जन्म नाशिकचा, तिच्या आईच्या, प्रतिभाच्या माहेरचा, म्हणजे जन्मदाखलाही तिकडचाच. सगळं तुझ्यासारखं. मी फाइल उघडत नाही हे बघून तो म्हणाला, ‘दादा, रस्ता तर तुमचाच आहे ना. शर्वरीची फक्त एक टिक चुकून गेली, नाही तर आज डॉक्टर असती पोरगी. मुक्ताची टिक तुम्ही स्वतः लावून द्या, मग मला टेन्शन नाही.’ मी म्हणालो, फाइल ठेवून जा, बघतो.

त्या फाइलीसमोर दोन दिवस बसलो. त्या रस्त्यात काय होतं ते तुला ठाऊक आहे आणि मला. तरी मला ते एकदा ओळीने लिहायचं आहे, कारण मी ते आजवर कुठेच लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते मी गिऱ्हाइकाचंसुद्धा खरं धरत नाही.

मी दहावीनंतर शिकलो नाही. कोठी रोडला कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो, इंग्रजी अर्ज टाइप करता करता इंग्रजी शिकलो, माहितीपुस्तिका वाचता वाचता नियम शिकलो. वकील माझ्याकडून ड्राफ्ट तपासून घ्यायचे, याचा मला फार अभिमान. माझं कुणी तपासत नव्हतं. शाळा-कॉलेजात गेलेल्या माणसाचा पेपर निदान दहा-बारा वर्षं कुणीतरी दुसरा तपासतो, लाल शाईने गोल काढतो. माझ्या कागदावर तसा गोल कुणी काढला नाही आणि मी समजून चाललो की काढण्यासारखं काही नसतं.

आणि दुसरा अभिमान तुला माहीतच आहे. अडीचशे वर्षं झाली आपल्याला माळव्यात, तरी घरात ‘आपल्याकडे’ म्हटलं की ते इथलं नसतं, तिकडचं असतं. तुझे आजोबा, बापू, तर कधी पुण्यात चार दिवससुद्धा राहिले नाहीत, पण ‘आपल्या पुण्यात’ म्हणायचे. मला वाटलं, मुलगी आपल्या लोकांत जाऊन डॉक्टर होईल. तुझा जन्म साताऱ्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तुझी आई तिकडे गेली होती आणि नगरपालिकेचा दाखला मी लॅमिनेट करून ठेवला होता. त्या कागदावर मी सगळा डोलारा उभा केला. तुला दहावीनंतर सुलभामावशीकडे नेऊन सोडलं तेव्हा तू स्टेशनवर रडली नाहीस. नंतर कळलं, वर्गातल्या मुली तुझ्या मराठीला हसायच्या. ‘मी डबा खाऊन राहिले’ म्हणालीस की म्हणायच्या, ही हिंदीतून मराठी बोलते. इथे आपण मराठी, तिथे तू हिंदीवाली. हे तू मला सांगितलं नाहीस, मावशीने सांगितलं.

पण एक गोष्ट तू मला सांगितली होतीस. अकरावीत, डिसेंबरमध्ये. तू फोन केलास आणि म्हणालीस, ‘बाबा, इथली मैत्रीण म्हणते की बारावीच नाही, दहावीपण महाराष्ट्रातूनच झालेली लागते. पुस्तिकेत आहे म्हणते.’ मी काय म्हणालो तेही मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मैत्रिणीचे वडील फॉर्म भरतात की तुझे? तू फिजिक्स बघ.’ तू बरं म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी पुस्तिका उघडली होती, शर्वरी. हे तुला माहीत नाही. पान चौदावर ती ओळ होती. मी ती वाचली. मग स्वतःला समजावलं की ही ओळ ज्यांचा जन्म तिकडचा नाही त्यांच्यासाठी असणार. तसं तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाने असा अर्थ काढला असता तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. त्या डिसेंबरात तुला परत आणलं असतं, तर दाखला निघाला नव्हता, काहीच बिघडलं नव्हतं. पण परत आणायचं तर बापूंना, मंडळाला, सगळ्या फ्रीगंजला सांगावं लागलं असतं की विनायकचं चुकलं.

पुढचं तुझ्या अंगावरून गेलंय, मी फक्त क्रमाने लावतो. बारावी झाल्यावर जन्मदाखल्यावरून तुझा तिकडचा रहिवासी दाखला मी काढून घेतला. तिकडचा फॉर्म मी इथून, याच काउंटरवर भरला, प्रत्येक टिक माझ्या हाताची. कागद तपासायच्या दिवशी तू पुण्यात एकटी उभी होतीस. तिथल्या बाईंनी तुझी मार्कशीट उलटून पाहिली आणि विचारलं, दहावी कुठून झाली. तू म्हणालीस, उज्जैन. त्यांनी फाइल परत दिली. मग मी इकडच्या कोट्यासाठी धावलो. त्या वर्षी इथे लिहून द्यावं लागत होतं की दुसऱ्या कुठल्याही राज्याचा दाखला घेतलेला नाही, आणि तुझं नाव तिकडच्या नोंदणीत आलेलं. दाखला रद्द करण्यासाठी मी सात अर्ज टाइप केले. सातही शुद्ध होते. तोवर याद्या लागून गेल्या. इथली सरकारी यादी ज्या मार्कांवर थांबली त्याहून तुझे अठरा मार्क जास्त होते. दुसऱ्या वर्षी तू परत बसलीस, पण तेव्हा तुझं मन त्यातून उठलं होतं, आणि मार्कांत ते दिसलं. मी तेव्हाही म्हणालो, अभ्यास कमी पडला.

ज्या दिवशी पुण्यात फाइल परत मिळाली त्या दिवशी बापूंनी तुला फोन लावला होता, स्पीकरवर. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. बापूंनी विचारलं, काय झालं गं, आणि तू जराही न थांबता म्हणालीस, ‘माझंच चुकलं बापू, फॉर्ममध्ये टिक चुकली.’ बापू म्हणाले, ‘एवढा फॉर्मवाला बाप, आणि लेकीला टिक करता येईना.’ तू हसलीस. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, बापूंची तब्येत सुधारली की सांगू. बापू जाऊन दोन वर्षं झाली. राम घाटावर त्यांचे दिवस करताना तू शेजारी बसली होतीस, आणि त्यांच्या लेखी ती चूक तुझीच राहिली. पुढे मंडळात कुणीतरी तेच विचारलं, मी तुझंच उत्तर दिलं, आणि एकदा दिल्यावर ते सोपं होत गेलं. इतकं की मी त्याचा उपदेश केला. तू आता रक्तपेढीत काम करतेस, सुट्टीत आलीस की आनंदाने सांगतेस, एका दिवसात किती पिशव्या तपासल्या. मी ऐकतो आणि मनात म्हणतो, ठीक आहे, मुलगी सुखी आहे. ते ठीक आहे मी माझ्या सोयीने म्हणतो.

आज दुपारी श्रीकांत आला, बरोबर प्रतिभा आणि मुक्ता. मी रांगेतल्या लोकांना तासाभराने यायला सांगितलं आणि तिघांना आत बसवून सगळं सांगितलं. पान चौदासुद्धा. श्रीकांत म्हणाला, ‘दादा, म्हणजे सहा वर्षं तुम्ही...’ आणि वाक्य सोडून दिलं. फाइल उचलली, म्हणाला, तिकिटं कॅन्सल करून देतो. मुक्ता मात्र, सोळा वर्षांची पोर, मला सरळ विचारती झाली, ‘काका, शर्वरीताईला माहीत होतं का तुमचं चुकलंय ते?’ मी म्हणालो, हो. ‘मग ती काय म्हणाली तुम्हाला?’

मला आठवावं लागलं नाही. त्या दिवशी बापूंच्या फोनच्या आधी तू मला फोन केला होतास. म्हणाली होतीस, ‘बाबा, नाही झालं. दहावीचं निघालं. तुम्ही जेवलात का?’ मुक्ताला मी एवढंच सांगितलं. मुक्ता वाचली, इथेच अकरावी करेल. श्रीकांतच्या मुलीसाठी मला दोन दिवसांत तोंड उघडता आलं. माझ्या मुलीसाठी सहा वर्षांत आलं नाही. हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं, त्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही.

हे पत्र आजच का, ते आता सांगतो. प्रतिभा तुला उद्या सकाळी फोन करणार आहे. निघताना दारात थांबून ती तेवढं एकच बोलली, ‘मी शर्वरीशी बोलणार आहे.’ ती सरळ विचारेल. आणि तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तू म्हणशील, नाही हो काकू, मुक्ताला पाठवू नये म्हणून बाबा स्वतःवर घेताहेत, टिक माझीच चुकली होती. तू इतकं सहज म्हणशील की ती विश्वास ठेवेल, कारण विनायकचं चुकत नाही हे मीच गावाला पाठ करून दिलंय. शर्वरी, तसं करू नकोस. या वेळी मला सावरू नकोस. क्षमा मी या कागदावर मागत नाही, ती पुण्याला येऊन, समोर बसून मागेन, तू येऊ दिलंस तर. उद्यापुरतं एवढंच मागतो. प्रतिभाने विचारलं, की तुला आधी कळलं नव्हतं का, तर तिला खरं सांग. सांग की मी अकरावीतच बाबांना विचारलं होतं.

तुझाच,
ज्याने तेव्हा ऐकलं नाही तो,
बाबा