एका सुराचा देश

सर,

लाकडी डस्टर टेबलावर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. खट, खट. खडूची धूळ उन्हात तरंगायची आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. कविता शिकवतानाही तुम्ही त्याच डस्टरने ठेका धरायचात, म्हणून मला तो आवाज गोड वाटायचा. आज त्याचाच राग येतो.

आठवीत आम्ही हात वर करून मॉनिटर निवडला होता. कुंभारवाड्यातला, तुम्हाला उलट प्रश्न विचारणारा मुलगा. तुम्ही डस्टर आपटलात, त्याला खाली बसवलंत आणि तुमच्या मर्जीतल्या मुलाला उभं केलंत. वर गोष्ट सांगितलीत. दोन महायुद्धांच्या मधला लिथुआनिया, पक्षांची भांडणं चाललेली. एका राष्ट्रवादी पक्षाला निवडणुकीत जेमतेम मूठभर जागा. एका रात्री लष्कराने सरकार उलथवलं, त्या पक्षाच्या विद्वान पुढाऱ्याला गादीवर बसवलं आणि देश शांत झाला. "एक पक्ष, एक पुढारी, एक सूर," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात घंटा झाली, आणि पुढच्या तासाला तुम्ही दुसराच धडा काढलात. मी कवितावेडा पोरगा. एक सूर म्हटल्यावर पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही.

आता मी सौदीत, अल खर्जला मुलाकडे असतो. तो इथे इस्पितळात डॉक्टर आहे. दुपारी बाहेर पडायची सोय नाही. वारा फिरला की डेअरीच्या गोठ्यांचा वास येतो आणि जरा गाव आठवतं. या घरात माझ्या कविता ऐकते ती एकटी नात. मी मराठीत म्हणतो, ती इंग्रजीत दाद देते. तिला शाळेत एका छोट्या देशावर बोलायचं होतं, मी हौसेने तुमची गोष्ट दिली. "देन व्हॉट, आजोबा?" तिने विचारलं. "मग काय, खलास. देश सुखाने नांदला."

वर्गात तिने तेच सांगितलं, आणि टीचरनी सगळ्यांसमोर पुढचं विचारलं तेव्हा ती तशीच जागेवर जाऊन बसली. घरी येऊन तिने शोधून काढलं आणि मला उभ्याउभ्या वाचून दाखवलं. बाकीच्या पक्षांवर बंदी, वर्तमानपत्रांवर कात्री. मग शेजाऱ्यांच्या धमक्या एकामागून एक आल्या आणि त्या एका सुरातल्या सरकारने त्या मुकाट गिळल्या. शेवटी रशियन रणगाडे आले, तेव्हा पुढारी सरहद्दीवरचा ओढा पायी ओलांडून निघून गेला. मागे पक्षही गुंडाळला गेला. "यू टोल्ड मी हाफ," ती म्हणाली. तेव्हापासून संध्याकाळी ती माझ्या खोलीकडे फिरकलेली नाही.

तुम्ही आम्हाला शिकवलंत तेव्हा हे सगळं घडून कित्येक वर्षं उलटली होती, सर. शेवट तुम्हाला ठाऊक होता. तो ओढा तुम्ही आमच्यापासून लपवलात. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी रडलो होतो. ते रडणं आज परत घ्यावंसं वाटतं.

तरी हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगतो. कविता म्हणताना माझी बोटं आजही टेबलावर तुमचाच ठेका धरतात. दुसरा मला येत नाही.

इतकं लिहिलं आणि खोलीचं दार वाजलं. मुलगा ड्यूटीवरून आला असेल असं वाटलं. दारात नात होती, अजून युनिफॉर्ममध्येच. कागदाकडे तिने पाहिलंही नाही, खुर्ची ओढून बसली.

"म्हणा," ती म्हणाली. "पण फुल हां, आजोबा. एंडपर्यंत."

मी टेबलावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.