हलका ट्रायपॉड आणि मर्लचं नाव

मी, अर्व्हिन टॉल्बर्ट, वय ७६, धंदा घोड्यांना नाल ठोकणे (आता बंद), राहणार कॉटनवुड फ्लॅट, वायोमिंग, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. मी सांगतो आणि पोस्टातली डोरिस पिकेट टाइप करते. डोकं ठिकाणावर आहे. हातांबद्दल तसं म्हणवत नाही.

१. घर, कुरण आणि बँकेत असेल ते माझी मुलगी जोनी हिला. तिच्या आईचा बिस्किटांचा लोखंडी तवा साबणाने घासू नये. माझी वर्ना वरून बघत असेल.

२. ऐरण दाराशी आहे तिथेच राहू द्यावी. ती आता माझ्याच्याने तसूभरही हलत नाही.

३. माझे दोन ट्रायपॉड आहेत, लांबचा नेम धरताना रायफल ज्यावर चढवतात ते. एक जुना, जाड पायांचा, अकरा पौंडांचा. दुसरा कार्बन फायबरचा, त्याच्या निम्म्या वजनाचा, कारण गुडघे कुरकुरायला लागले होते. हा मर्ल हॅगस्ट्रॉमच्या दुकानातून घेतला. मर्ल माझा चाळीस वर्षांचा शिकारीतला जोडीदार. तो म्हणाला होता, "अर्व्ह, गालिच्यावर उभा करून काय बघतोस? बाहेर वाऱ्यात चल. रायफल चढव, अंग टाक त्याच्यावर, मग ठरव." मी म्हणालो, "जन्मभर घोड्यांचे पाय बघितले, तू मला तीन पाय शिकवतोस?" आणि तिथेच पसंत केला.

त्याच साली, २०१९ च्या ऑक्टोबरात, कड्यावरून साडेचारशे यार्डांवर नर एल्क दिसला, सांबरासारखं पण त्याहून मोठं हरीण. हलक्या ट्रायपॉडचा एक पाय सावजाकडे, खाली वजनाला पाठपिशवी, सगळं रीतसर. तरी रायफलीवरच्या दुर्बिणीतली नेमाची रेघ थरथरत होती. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. गोळी पोटात लागली. दोन दिवस रक्ताचा माग काढला, मर्ल तर थेंब शोधत रांगत होता. जनावर सापडलं नाही. ते कुठेतरी तडफडत मेलं आणि मला काही करता आलं नाही.

मग भर कॅफेत मी मर्लला म्हणालो, "काड्या विकतोस आणि त्यांना ट्रायपॉड म्हणतोस!" जवळजवळ चार वर्षं त्याच्याशी बोललो नाही. माझं बोलणं गावभर झालं आणि गेल्या साली त्याचं दुकान बंद पडलं. त्याने मला कधी दोष दिला नाही.

यंदा वसंतात जोनीने तोच ट्रायपॉड वाऱ्यात उभा केला, रायफल चढवली आणि म्हणाली, "नुसतं बघ. हात लावू नकोस, बाबा." रेघ कुंपणाच्या खिळ्यावर गप्प बसली होती. मग मी हात लावला आणि ती नाचायला लागली. डॉक्टरांनी पुढे आजाराचं नाव सांगितलं. पाच वर्षांपूर्वीच सुरू झाला असणार, म्हणाले. औषध कंप थोडा कमी करतं, आजार जात नाही.

४. दोन्ही ट्रायपॉड आणि रायफल जोनीला. कोणता न्यायचा ते तिने डोंगरावर ठरवावं, दुकानात नव्हे. रेघ हलत असेल तर गोळी न झाडता घरी यावं. फ्रीज रिकामा राहिला तर राहू दे.

५. मर्लला काही द्यायचं होतं, आणि साक्षीलाही तोच हवा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मर्लला फोन केला. वकिलांचं म्हणणं सांगितलं. मग तो म्हणाला, "तुझं काही नको, अर्व्ह. साक्षीला येतो." तेव्हा त्याच्या नावे एवढंच: दोष ट्रायपॉडचा नव्हता, मर्लचा नव्हता, माझ्या हातांचा होता. हे जोनीने कॅफेच्या फळ्यावर लावावं. माझ्या मरणाची वाट बघू नये, उद्याच लावावं.

सहीला तीन कागद फुकट गेले. शेवटी हलक्या ट्रायपॉडवर पाटी बसवून त्यावर ही केली आहे. वाकडी असली तरी माझीच समजावी.

(सही) अर्व्हिन टॉल्बर्ट

स्थळ: कॉटनवुड फ्लॅट. दिनांक: १४ सप्टेंबर २०२३.

साक्षीदार:
१. डोरिस पिकेट. सही माझ्यासमोर झाली.
२. मर्ल हॅगस्ट्रॉम. सही माझ्यासमोर झाली. ट्रायपॉड धरावा लागला नाही. मी अर्व्हचं मनगट धरलं होतं.